रात्री अडीचचा फोन आणि दारावरची पाटी

ताई,

माझं वय ४१. बारा वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. दोनदा भरती व्हावं लागलं. गेली चार वर्षं गोळ्या नियमित आहेत आणि मी बरी आहे. एका पुनर्वसन केंद्रात रोज जाते. दीड वर्षापूर्वी केंद्रानं मला 'पीअर' केलं. म्हणजे नवीन आलेल्यांना बोलतं करायचं, जे घरातून बाहेर पडत नाहीत त्यांना फोन करायचे, गटात आपला अनुभव सांगायचा. हे काम मला मनापासून आवडतं.

केंद्राच्या दारावर 'इथे सगळे समान' अशी पाटी आहे. पण सोमवारची बैठक दार लावून होते. मला तिथे प्रवेश नाही आणि आत बोलणं आमच्याबद्दलच चालतं. नुकतीच रुजू झालेली पंचविशीतली समुपदेशक मला 'अगं, तू' म्हणते, मी तिला 'मॅडम' म्हणते. मानधनाचं विचारलं तर उत्तर आलं, "तुलाच याचा फायदा होतोय की!"

आता खरी अडचण. केंद्रातलीच एक मैत्रीण मला रात्री दोन-अडीचला फोन करते. कधी आवाज ऐकू येत असतात, कधी घरात भांडण झालेलं असतं, कधी नुसतंच एकटं वाटत असतं. मी ऐकून घेते. आठवड्यातून तीन रात्री तरी असं होतं. एकदा फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तूही त्यांच्यातलीच झालीस." माझा आजार दोन्ही वेळा झोप उडण्यापासूनच उलटला होता. केंद्रात सांगावं, तर 'हिला झेपत नाही' म्हणून काढून टाकतील अशी भीती वाटते. फोन बंद ठेवला तर मी स्वार्थी ठरेन का? की हे कामच सोडून देऊ?

– नाव नको

*

प्रिय वाचक मैत्रिणी,

आधी झोपेचं बोलू, बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल. तुमचा आजार कुठल्या वाटेनं परत येतो ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ही माहिती कुठल्याही तपासणीत सापडत नाही, ती तुम्ही दोनदा भरती होऊन कमावली आहे. तेव्हा या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांना सांगा की तीन-तीन रात्री झोप मोडते आहे. पुढची तारीख येईपर्यंत वाट पाहू नका. आणि फोन रात्री बंद ठेवा. यात स्वार्थ शोधू नका. अपस्मार असलेला माणूस जागरण टाळतो तेव्हा त्याला कुणी आपमतलबी म्हणत नाही.

पण फोन बंद करण्याआधी एक काम दिवसाउजेडी करायला हवं. तुमची मैत्रीण कधी जीव देण्याची भाषा करत असेल, तर ते तुमच्या दोघींमधलं गुपित राहता कामा नये. तिच्या घरचं एखादं विश्वासाचं माणूस, तिचे डॉक्टर, तुमच्या भागातली तातडीची सेवा, हे सगळे क्रमांक तिनं स्वतःच्या हातानं एका कागदावर लिहून उशाशी ठेवावेत. रात्रीच्या यादीत तुमचं नाव नसेल, हेही तिला त्याच वेळी कळू द्या. आधीच सांगून बंद केलेला फोन आणि न सांगता न उचललेला फोन यांत फार फरक आहे. दुसऱ्यात माणूस टाकल्यासारखा होतो.

आता पाटीकडे वळते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मलाही वाटलं की केंद्राची वागणूक आणि मैत्रिणीचा फोन हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की दोन्हीकडे तुमचं एकच काहीतरी हिरावलं गेलंय. केंद्र तुम्हाला एक पायरी खाली उभं करतं. मैत्रिणीनं तुम्हाला एक पायरी वर नेऊन बसवलंय. दोन्ही पायऱ्यांवर उभं राहून 'आज मला जमणार नाही' म्हणायची सोय नाही. खालच्या पायरीवरून म्हणालात तर झेपत नाही असा शिक्का बसेल, वरच्या पायरीवरून म्हणालात तर गद्दार ठराल. समानता तपासायची झाली तर मी पाटी बघत नाही. तिथल्या माणसाला नाही म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर त्याची जागा शाबूत राहते का, एवढंच बघते. (तसंही, घराच्या दारावर 'इथे प्रेम नांदतं' असं कुणी लिहून लावलं तर मला आत जायची जरा धास्तीच वाटते.)

जपानच्या होक्काइदो बेटावर उराकावा नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे १९८४ पासून 'बेतेरु' नावाची वस्ती चालते, बायबलमधल्या बेथेलवरून हे नाव पडलं. स्किझोफ्रेनिया आणि इतर आजार असलेली माणसं तिथे एकत्र राहतात आणि समुद्री शेवाळाची पाकिटं भरून विकण्याचा धंदाही करतात. त्यांच्या बोधवाक्यांपैकी एकाचा मथितार्थ मला फार आवडतो: धास्ती न बाळगता दांडी मारता येईल असं कामाचं ठिकाण उभं करू या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते. मग लक्षात आलं की यात केवढा हिशेब आहे. आज मी गळून गेले तर माझं काम दुसरं कुणी उचलेल, उद्या त्याचं मी उचलेन, आणि या देवाणघेवाणीत कुणाची खुर्ची जाणार नाही. एकमेकांना आधार देण्याची याहून रोखठोक व्याख्या माझ्या पाहण्यात नाही. ही मंडळी आपापल्या भासांचा आणि भ्रमांचा अभ्यासही एकत्र बसून करतात. आवाज कधी येतात, काय केलं की वाढतात, कशानं निवतात, याचं संशोधन ज्याचं त्यानं करायचं आणि सोबत्यांनी त्याला मदत करायची. २००१ पासून या पद्धतीला तिथे 'तोजिशा केंक्यू' म्हणतात. ज्याची गोष्ट त्यानंच केलेला अभ्यास, असा त्याचा अर्थ.

सोमवारच्या बैठकीबद्दल मात्र मला तुमच्याइतकाच राग आला. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमधल्या काही रुग्णांनी आपला गट केला होता. गटाचं नाव 'आम्ही एकटे नाही'. रुग्णालयातून सुटल्यावरही ते भेटत राहिले. १९४८ मध्ये शहरात त्यांना स्वतःची इमारत मिळाली. मागच्या अंगणात कारंजं होतं म्हणून तिचं नाव पडलं फाउंटन हाउस. तिथे येणाऱ्याला रुग्ण म्हणत नाहीत, सदस्य म्हणतात. या धर्तीवर पुढे देशोदेशी 'क्लबहाउस' निघाली आणि १९८९ मध्ये त्यांनी आपले नियम लिहून काढले. त्यातले दोन नियम तुमच्या केंद्राच्या दारावर पाटीऐवजी लावावेत असे आहेत. एक, फक्त कर्मचाऱ्यांसाठी किंवा फक्त सदस्यांसाठी अशी जागा असणार नाही. दोन, कामकाजाचे निर्णय आणि सदस्यांचे विषय ज्यात निघतात अशी कुठलीही औपचारिक बैठक एकाच बाजूची असणार नाही.

तिसरा नियम तर मला अफलातून वाटतो. कर्मचारी पुरेसे असावेत, पण इतके कमी असावेत की सदस्यांनी हात लावल्याशिवाय काम पुरंच होऊ नये. म्हणजे सदस्याला 'गुंतवून ठेवण्यासाठी' काम शोधायचं नाही. त्याची गरज खरीच असली पाहिजे. आपण एखाद्या ठिकाणी नसलो तर कुणाचं तरी अडतं, हे कळलं की सकाळी अंथरुणातून उठायला कारण मिळतं. गोळीनं आवाज कमी होतात, पण हे कारण गोळीतून मिळत नाही.

आता तुमच्या केंद्राची बाजूही थोडी मांडते, नाहीतर तुम्ही बैठकीत जाल आणि पहिल्याच वाक्याला अडाल. ते म्हणतील, गोपनीयतेचं काय? प्रश्न खोटा नाही. एखाद्या शुभार्थीनं, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसानं, समुपदेशकाला एकांतात सांगितलेली गोष्ट सगळ्यांसमोर निघू नये, तुमच्यासमोरही नको. पण त्याचा उपाय दार लावणं हा नव्हे. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला बोलावून त्याच्यासमोर बोलता येतं. सहलीचा दिवस, गटाची वेळ, नवीन माणसाची जबाबदारी, पैसा कुठे खर्चायचा, यात तर गोपनीय काहीच नसतं. बहुतेक बैठकांतला बहुतेक वेळ यातच जातो. मी हे आत बसून पाहिलेलं आहे.

त्याचीही कबुली देते. मी स्वतः अनेक वर्षं अशाच एका केंद्रात सामाजिक कार्यकर्ती होते. आमच्याकडे दर महिन्याला 'सदस्य सभा' व्हायची आणि मला तिचा अभिमान होता. विषयपत्रिका मी लिहायचे, फळ्यासमोर मी उभी असायचे, इतिवृत्त मीच ठेवायचे. एकदा मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, आम्ही बोललो म्हणून इथे आजवर काय बदललं?" मी तावातावानं इतिवृत्ताची वही उघडली. दोन वर्षांत एक गोष्ट सापडली. पंख्याची दिशा. त्या दिवसापासून वही त्यांच्याकडे गेली. पुढच्या सभेत त्यांनी लिहिलेलं इतिवृत्त माझ्यापेक्षा निम्मं लांब होतं, आणि प्रत्येक ठरावापुढे 'हे कोण करणार' असा रकाना होता. मला तो रकाना कधी सुचला नव्हता.

तरी एक सांगते. 'आपल्यात काहीच फरक नाही' असं म्हणणाऱ्या कर्मचाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. फरक असतो. तिला पगार आहे, कायद्यानं जबाबदारी आहे, तिच्या सहीला वजन आहे. ती कंटाळली तर नोकरी बदलू शकते, तुम्हाला आजार बदलता येत नाही. हा फरक झाकला की तो गुपचूप काम करत राहतो. तो उघड मान्य केला तर निदान त्याला मर्यादा घालता येते. गोळीचा डोस डॉक्टर ठरवतील. पण त्या गोळीनं सकाळी जीभ जड होते की नाही हे तुम्हीच सांगणार, आणि त्या बोलण्यात तुम्ही जाणकार आहात. आधार दोन्ही बाजूंनी जातो तो असा, ज्याच्याकडे जे आहे ते देत.

मानधनाबद्दल थोडक्यात. 'तुलाच फायदा होतो' हे अर्धसत्य आहे. मदत करणाऱ्याचंही मदत करण्यानं भलं होतं, हे फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकानं १९६५ मध्येच मांडलं होतं, आणि तुम्हीही ते अनुभवलंय. पण शिकवण्यात आनंद मिळतो म्हणून शिक्षकाचा पगार कुणी कापत नाही. इटलीत त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात रुग्ण झाडलोट, धुणं अशी कामं जवळजवळ फुकट करायचे आणि त्याला 'उपचार' असं गोंडस नाव होतं. मनोविकारतज्ज्ञ फ्रँको बसाग्लिया १९७१ मध्ये तिथले प्रमुख झाले. त्यानंतर लवकरच रुग्णांची सहकारी संस्था निघाली आणि तीच कामं तीच माणसं रीतसर वेतनावर करू लागली. झाडू तोच होता, पण तो धरणारा आता कामगार होता. १९७८ मध्ये इटलीनं मनोरुग्णालयं टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा कायदा केला, त्यामागे ही सगळी धडपड होती.

इथे एक फाटा आहे, तोही सांगायला हवा. क्लबहाउसमध्ये आतल्या कामाचे सदस्यांना पैसे देत नाहीत. सगळे मिळून आपलं घर चालवतात, असा त्यामागचा विचार आहे, आणि पगाराच्या नोकऱ्या त्यांना बाहेर मिळवून दिल्या जातात. तेव्हा तुमच्यापुरती कसोटी अशी लावा: तुमची वेळ कुणी ठरवून देतं का? न गेल्यास जाब विचारतात का? यादी हातात देऊन इतके फोन करा असं सांगतात का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर ही नोकरी आहे आणि नोकरीला मोबदला असतो. नाही असेल तर ती सोबत आहे, आणि सोबतीला हजेरीपट लागत नाही. केंद्रानं दोन्हीपैकी एक निवडावं. कामाची शिस्त लावायची आणि पैशाच्या वेळी सोबतीचं नाव घ्यायचं, हे चालणार नाही.

आणि ते 'अगं, तू'. यावर हसतील लोक, पण मी हसणार नाही. मराठीत 'तू' हा शब्द गोड आहे. आईला आपण तू म्हणतो, देवालाही म्हणतो. तो एकाच बाजूनं वापरला की कडू होतो. दुखवण्याचा हेतू त्या मुलीच्या मनात बहुधा नसेल, आल्या दिवशी सगळ्यांना तसं बोलताना ऐकलं आणि तिनंही उचललं. तिला एकटीला गाठून सांगा, "मला तू म्हणायला हरकत नाही, पण मग मीही तुला नावानं हाक मारेन. नाहीतर दोघी तुम्ही म्हणू." कसलाही अर्ज न करता सुटेल असा तुमच्या पत्रातला हा एकच प्रश्न आहे, म्हणून सुरुवात इथून करा. शब्दांनी काय होतं असं कुणी म्हणालं तर 'वेडा' पासून 'शुभार्थी' पर्यंत यायला मराठीला किती वेळ लागला ते आठवा.

मग केंद्रप्रमुखांना भेटा. सगळी गाऱ्हाणी एकदम काढू नका, एकाच कागदावर लिहून न्या. तुमच्या कामाचे तास कुठले आणि कुठल्या तासांत तुम्ही उपलब्ध नाही, हे ठरवून मागा. अवघड फोननंतर तुम्ही कुणाशी बोलायचं, त्या व्यक्तीचं नाव मागा. समुपदेशकांनाही असं कुणीतरी असतं, तुम्हाला नसावं असं कुठे लिहिलंय? आणि तुमची तब्येत बिघडून महिनाभर येता आलं नाही तर परत आल्यावर हेच काम राहील, हे शब्दांत घ्या. बैठकीचा आणि पैशाचा विषय महिनाभरानं काढलात तरी चालेल. 'झेपत नाही' हा शब्द तुम्ही वापरू नका. म्हणा, "हे काम मला दहा वर्षं करायचंय, म्हणून मर्यादा ठरवतेय." पुनर्वसनात सोबत्यांच्या आधाराला जागा असावी हे संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातही लिहिलेलं आहे, तेव्हा तुम्ही कुणाची मेहेरबानी मागत नाही. एवढं करूनही त्यांनी काढलंच, तर पाटी खोटी होती हे उघड होईल. दुःख होईल, पण तुमचं अनुभवाचं ज्ञान त्यांच्या कपाटात बंद नाही. स्वमदत गट चालवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता पुन्हा मैत्रिणीकडे येते, कारण माझं मन तिच्यापाशीच अडकलंय.

तिच्या रात्री इतक्या वारंवार बिघडत असतील तर तिच्या उपचारांकडे पाहायची वेळ झाली आहे. हे डॉक्टरांना कळायला हवं. पण तिच्यामागून केंद्रात जाऊन सांगू नका. तसं केलंत तर तुमचीही एक सोमवारची बैठक झाली, दार लावलेली. तिला म्हणा, "चल, आपण दोघी जाऊन सांगू. बोलायचं तूच, मी शेजारी बसते."

आणि एक विचारते, रागावू नका. गेल्या दीड वर्षात तुम्ही तिला स्वतःसाठी कधी फोन केलात? तुमच्या पत्रात ती सांगते आणि तुम्ही ऐकता. तुमची झोप, तुमची भीती, दोन भरत्यांची आठवण, यातलं तिला काय माहीत आहे? मला शंका आहे की काहीच नाही. 'पीअर' झाल्यावर आपण खंबीर दिसायला हवं असं तुम्हाला वाटलं असेल. पण 'त्यांच्यातलीच झालीस' हे ती म्हणाली तेव्हा ती अगदीच चुकीचं बोलत नव्हती. जो कायम देतो आणि कधी मागत नाही, तो कितीही मायाळू असला तरी टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. तुम्हाला ठाऊक आहे, कारण अलीकडच्या खुर्चीवर तुम्ही बारा वर्षं काढली आहेत.

म्हणून तिला मर्यादा सांगायला जाऊ नका, मदत मागायला जा. सांगा की माझा आजार झोपेच्या दारानं येतो, गेले कित्येक दिवस मी झोपलेले नाही, आणि मला भीती वाटते. कागदावरचे क्रमांक दोघी मिळून लिहा. दुपारची एक वेळ ठरवा, जेव्हा ती बोलेल आणि तुम्हीही बोलाल. मग तिच्यावर एक काम सोपवा. रोज रात्री दहाला तिनं तुम्हाला फोन करायचा, दोन मिनिटांचा, 'आता फोन बंद कर आणि झोप' असं सांगायला.

तुमची,
ताई